सॅक उलटी करून तपासणाऱ्या दादांना, मनापासून आभार

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातून हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वतीनं हे आभाराचं पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या सॅक-तपासणीत जे समजतं ते केदारकांठाला नाहीतर हामटा पासला पहिल्यांदा निघालेल्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

आपल्याकडं ट्रेक म्हटलं की पन्हाळा ते पावनखिंड, तोही भर पावसात. तिथं कॉटनचा टी-शर्ट भिजला तरी निभावतं, कारण हवेत गारठा बेताचाच असतो. बारा-चौदा हजार फुटांवर तीच सवय अंगाशी येते. हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा वेगळाच. घामानं ओलं झालेलं कॉटन तिथं लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेत राहतं. म्हणून सॅक सतरंजीवर रिकामी झाली की तुम्ही आधी जीन्स आणि सुती बनियन बाजूला काढता, मग त्या कितीही महागातल्या असोत.

एकच जाडजूड जॅकेट घेऊन आलेल्यालाही तुम्ही न रागावता थर मांडून दाखवता. अंगाला लागून ड्राय-फिट (घाम लवकर वाळवणारा टी-शर्ट) किंवा थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा थर), सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. डाऊन जॅकेट, म्हणजे पिसं भरलेलं, चालताना घालायचंच नाही. ते सॅकच्या तोंडाशी ठेवायचं आणि थांबल्याथांबल्या, घाम गार व्हायच्या आत चढवायचं. चढ सुरू करताना थोडी थंडी वाजत असली तरी एक थर उतरवूनच निघायचं.

तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे ते रात्रीच्या कोरड्या जोडासाठी. एक थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी, हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, गाठ मारून. ती गाठ सोडायची फक्त तंबूत, झोपताना. सकाळी अंगावर काटा आला तरी आदल्या दिवशीचे दमट कपडेच पुन्हा घालायचे. हा नियम ऐकायला जाचक वाटतो, पण तो जोड एकदा ओला झाला की पुढच्या रात्रींना काही आधार उरत नाही. रेनकव्हरवर भिस्त का ठेवायची नाही, तेही तुम्हीच नळाखाली सॅक धरून दाखवलंत. कव्हर पाठीची बाजू झाकत नाही, पाणी पट्ट्यांच्या शिवणीतून आत उतरतं आणि तळाशी साचतं. म्हणून सॅकच्या आत एक मोठी जाड पिशवी आधी, सामान नंतर.

बुटांच्या बाबतीत तुमचा हट्ट आम्हाला आता पूर्ण पटलाय. माळ्यावर कित्येक वर्षं पडून असलेले, दिसायला कोरे बूट सगळ्यात धोक्याचे. त्यांच्या सोलमधला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत आतल्या आत कुजतो, आणि बूट वापरला नसेल तर उलट लवकर खराब होतो. तुम्ही बूट हातात वाकवता, तळव्याच्या कडेवर अंगठ्यानं दाबता. चिरा दिसल्या किंवा भुगा निघाला की तो बूट बाद. मापाचंही तसंच. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, जाड मोजे घालून, नाडी न बांधता पाय पुढं सरकवायचा. टाचेमागं एक बोट बसलं पाहिजे. ते बसलं नाही तर उतरताना नखं काळी पडणार. कोल्हापुरात थंडीची चाचणी घेता येत नाही, उताराची येते. भरलेली सॅक पाठीवर टाकून जोतिबाच्या पायऱ्या उतरा, टाच उचलतेय की बोटं आपटतायत ते तिथंच कळतं.

आणि कॅम्पवर कोल्हापुरी चप्पल नको, हे तुम्ही आपल्या गावात उभं राहून सांगता याचं कौतुक वाटतं! जाड मोजा घातला की अंगठा चपलेत जात नाही, आणि चामडं बर्फाचं पाणी पिऊन जड होतं.

सॅक ५०-६० लिटरची, वजन १०-१२ किलोच्या आत, हेही ताणकाट्याला लटकवून. स्लीपिंग बॅग तळाशी, जड सामान पाठीला चिकटून मधोमध. सगळे पट्टे सैल करून आधी कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. भार कमरेवर गेला की खांदे मोकळे राहतात.

खाऊ भरताना भडंगाचा पुडा तुम्ही हसतच परत करता, कारण तो वजनाला हलका पण जागा खातो. गूळ मात्र ठेवता, घरूनच सुपारीएवढे खडे फोडून, कारण थंडीत ढेप दगड होते. पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, आणि विमानानं जाताना हातातल्या बॅगेत. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवायची, म्हणजे बर्फ बुडाकडं धरतो आणि तोंड उघडतं. गॉगल कॅटेगरी ३ चा (हा आकडा काचेच्या गडदपणाचा), दिवसभर बर्फात चालायचं असेल तर ४ चा. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळं सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं आधी सांगायचं.

यातलं बरंचसं सामान भाड्यानं मिळतं, हे सांगून तुम्ही किती घरांचे पैसे वाचवलेत! बूट, मोजे आणि थर्मल स्वतःचे, डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग भाड्याची. भाड्याची बॅग घेताना ‘एक्स्ट्रीम’चा आकडा (जेमतेम जीव वाचेल ते तापमान) सोडून ‘कम्फर्ट’चा (आरामात झोप लागेल ते तापमान) वाचायचा, आणि चेन दोन्ही बाजूंनी ओढून बघायची, हेही तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता सांगता.

यासाठी तुम्ही कधी एक रुपया घेतला नाहीत. दादा, तुमचे फार फार आभार. नव्या मुलांसाठी तुमची यादी आम्ही स्वच्छ लिहून काढली आहे. त्यात हातमोज्यांचे दोन जोड धरलेत, आतला पातळ आणि बाहेरचा वॉटरप्रूफ. काही राहिलं असेल तर लाल पेनानं खुणा करून द्या.

आपले,
कोल्हापूरचे ट्रेकर