पुनर्निर्मितीतून गळालेले घरकाम

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हॉलिवूडच्या पुनर्निर्मित चित्रपटांवर आलेल्या लेखात असे सगळेच चित्रपट ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणून निकालात काढले आहेत. त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांविषयी माझे वेगळे म्हणणे नाही. मात्र २००३ साली आलेल्या ‘फ्रीकी फ्रायडे’लाही त्याच माळेत ओवणे मला अन्यायाचे वाटते. हा चित्रपट १९७६ च्या मूळ चित्रपटापेक्षा काही बाबतींत निश्चितच सरस आहे, आणि त्याची जी खरी उणीव आहे तिचा तर लेखात उल्लेखच नाही.

न पटणाऱ्या मायलेकी एका शुक्रवारी एकमेकींच्या शरीरात जाग्या होतात, एवढीच मूळ कल्पना. परकायाप्रवेश आपल्याला नवा नाही. मंडनमिश्रांच्या पत्नीने घातलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी शंकराचार्य मृत राजाच्या देहात शिरल्याची कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. फरक असा की शंकराचार्य जाणूनबुजून गेले होते; या दोघींना मात्र कोणी विचारलेलेही नसते. मेरी रॉजर्स यांनी १९७२ मध्ये याच नावाची कादंबरी लिहिली आणि पहिल्या चित्रपटाची पटकथाही त्यांचीच होती. त्यात बार्बरा हॅरिस आई आणि जोडी फॉस्टर मुलगी होती.

मार्क वॉटर्स दिग्दर्शित नव्या चित्रपटाचे मोठे बळ म्हणजे जेमी ली कर्टिस. चाळिशी ओलांडलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईच्या देहात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी वावरते आहे, हे ती संवादांपेक्षा खांद्यांतून, चालण्यातून आणि खुर्चीत अंग टाकून देण्याच्या पद्धतीतून पटवून देते. लिंडसे लोहानचे काम मला तर त्याहून अवघड वाटते, कारण ताठ बसणारी, शब्द मोजून बोलणारी प्रौढ स्त्री कोवळ्या चेहऱ्यातून दाखवताना पोक्तपणाचे सोंग आणल्यासारखे दिसण्याचा धोका असतो. तो तिने बहुतांशी टाळला आहे. मुलीचा बँड रंगमंचावर असताना देह मुलीचा पण आत आई, म्हणून ती नुसता वाजवण्याचा आव आणते आणि पडद्याआड आईच्या देहातली मुलगी खरी गिटार वाजवते, हा प्रसंग तर हसवता हसवता दोघींना पहिल्यांदाच एका बाजूला आणून उभे करतो. मूळ चित्रपटाचा शेवट मोटारींच्या पाठलागात आणि पाण्यावरच्या धडपडीत विरून जातो. इथे मात्र आईच्या पुनर्विवाहाला मनातून विरोध करणारी मुलगी आईच्याच तोंडून होणाऱ्या सावत्र वडिलांचे स्वागत करते, आणि तिथेच सुटका होते. हा शेवट पटकथेने कमावलेला आहे.

आता उणिवेकडे वळते. १९७६ च्या चित्रपटातली आई गृहिणी आहे. तिच्या देहात गेलेल्या मुलीला दिवसभर कपडे धुण्याचे यंत्र, दारात येणारी माणसे आणि घरातली न संपणारी कामे यांना तोंड द्यावे लागते. त्यात नवरा ऐनवेळी पंचवीस जणांच्या जेवणाची जबाबदारी तिच्यावर टाकून मोकळा होतो. आई घरी बसून करते तरी काय, या प्रश्नाचे उत्तर मुलीला असे हातांनी शोधावे लागते. आमच्या प्रतापनगरच्या महिला मंडळात दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवले तेव्हा सगळ्यात जास्त चर्चा याच प्रसंगावर झाली. भर मे महिन्यात कूलरच्या टाक्या भरून, वाळवणे आवरून होत नाहीत तोच ‘चारपाच जण जेवायला येताहेत, पाटोडीचा रस्सा कर’ असा निरोप ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागला नाही. नव्या चित्रपटात आई विधवा आहे, डॉक्टर आहे, पुस्तकाची लेखिका आहे, टीव्हीवर मुलाखती देते. हा बदल काळाला धरून असला तरी त्या भरात घरकाम पडद्यावरून जवळजवळ नाहीसे झाले. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बाईचे घरकाम संपलेले नसते, ते दुप्पट झालेले असते. तो दिवस दाखवला असता तर नवा चित्रपट जुन्याच्या पुढे गेला असता.

नव्या चित्रपटात ही अदलाबदल घडवणारी चिनी हॉटेलातली म्हातारी आणि तिची भविष्य सांगणारी बिस्किटे हा जादूचा भागही स्वस्तातला आहे. ती बिस्किटे अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत देतात. चीनमधल्या घरांत त्यांची प्रथा नाही. मूळ चित्रपटात दोघींच्या तोंडून एकाच क्षणी निघालेली इच्छा पुरेशी होती. मुलीला आवडणारा मुलगा आईच्या देहाकडे ओढला जातो, हा विनोदही मला शेवटपर्यंत खटकत राहिला.

२०२५ मध्ये याच दोन अभिनेत्रींना घेऊन चित्रपटाचा पुढचा भाग आला आहे. आपल्या पुरवणीत त्यावर सविस्तर लिहून यावे, आणि ते लिहिणाऱ्याने १९७६ चा चित्रपटही आवर्जून पाहिलेला असावा, ही विनंती.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर