आगीचा इशारा डोळ्यांनाही दिसू द्या

महोदय,

जानेवारी आणि जुलै हे आम्हा फायर अलार्मवाल्यांचे फॉर्म ‘बी’चे महिने. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार वर्षातून दोनदा यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजेच हा फॉर्म, अग्निशमन दलाला द्यावा लागतो. त्या वेळी सगळ्यांचे कान हूटरकडे, म्हणजे इशाऱ्याच्या भोंग्याकडे, असतात. हूटर वाजला, अलार्मचे नियंत्रण पॅनेल रीसेट केले, सही झाली. पण ज्याला हूटर ऐकूच येत नाही त्याचे काय? २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक कर्णबधिर नोंदले गेले. रात्री श्रवणयंत्र काढून झोपणारे आजी-आजोबाही असतातच.

जिन्यात हूटरखाली लुकलुकणारा एक दिवा लावला की काम झाले, असे अनेकांना वाटते. त्या दिव्याचा उजेड बंद दाराआड, बाथरूममध्ये किंवा वसतिगृहाच्या खोलीत पोहोचत नाही आणि माणूस एकटा असतो तो नेमका तिथेच. युरोपच्या ईएन ५४-२३ या मानकाने म्हणूनच दिव्याचा आवाका ठरवून दिला आहे. उजेडासमोरच्या पृष्ठभागावर किमान ०.४ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) प्रकाश जिथपर्यंत पडतो, तेवढाच त्या दिव्याचा आवाका. रंग पांढरा किंवा लाल. भिंतीवरच्या दिव्यावर ‘डब्ल्यू-२.४-६’ असे लिहिलेले असेल, तर तो २.४ मीटर उंचीवर लावल्यास ६ मीटर लांब-रुंद खोलीला पुरतो. आपल्याकडे दिवा घेताना हे विचारणारे ग्राहक मला क्वचितच भेटतात.

झोपण्याच्या खोलीसाठी अमेरिकेचे एनएफपीए ७२ हे मानक आणखी कडक आहे. तिथे ११० कॅन्डेलाचा (दिव्याच्या प्रखरतेचे एकक) दिवा लागतो. तोच छतापासून दोन फुटांच्या आत असेल तर १७७ कॅन्डेलाचा, कारण धूर आधी छताशी साठतो आणि उजेड अडवतो. तरीही गाढ झोपेतल्या माणसाला निव्वळ उजेडाने जाग येईलच असे नाही. उशीखाली थरथरणारे पॅड हवे. एका नजरेत अनेक दिवे येत असतील तर ते एकाच वेळी लुकलुकले पाहिजेत. मागेपुढे लुकलुकणारे दिवे अपस्माराच्या काही रुग्णांना घातक ठरू शकतात.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे (दिव्यांगांना इमारत अडथळ्याविना वापरता यावी यासाठीचे) नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला बांधकाम परवानगीही देता येत नाही. सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात बजावले. त्यामुळे फॉर्म ‘बी’मध्ये दिव्यांसाठी वेगळा रकाना असावा, अशी माझी राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाला विनंती आहे. कोणत्या खोलीत दिवा आहे, किती कॅन्डेलाचा आहे, दार बंद करून तपासला का, हे त्यात लिहावे. सुरुवात कर्णबधिर विद्यालयांच्या वसतिगृहांपासून, सरकारी रुग्णालयांपासून आणि लॉजपासून व्हावी.

जुन्या इमारतींत मात्र हूटरच्या वायरीला दिवे नुसते जोडून देऊ नयेत. प्रखर दिवे बरीच वीज ओढतात. वीजपुरवठा गेल्यावर पॅनेलच्या बॅटऱ्या पुरतील का, याचा हिशेब आधी नव्याने करून घ्यावा.

– फायर अलार्म तंत्रज्ञ, ठाणे