योगदिनात सेवेलाही तास हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ जूनच्या योगदिनाचा आपल्या अंकातला मजकूर सगळा वाचला. मैदानभर चटया आणि ताडासनात उभी शाळकरी मुलं पाहून आनंद झाला. मी स्वतः सासवडला बरीच वर्षं योगवर्ग घेते. पण एवढ्या मजकुरात ‘कर्मयोग’ हा शब्द कुठेच सापडला नाही, म्हणून हे पत्र.

पतंजलींची योगसूत्रं साधारण १९५ आहेत. त्यांत आसनाची व्याख्या, त्याची रीत आणि फळ सांगणारी सूत्रं अवघी तीन. दुसऱ्या पादाच्या, म्हणजे प्रकरणाच्या, पहिल्याच सूत्रात मात्र ईश्वरप्रणिधान आहे आणि त्याचा अर्थ भाष्यकार व्यासांनी दिलाय तो असा : सगळी कर्मं परमगुरूला अर्पण करणं किंवा त्यांच्या फळावरचा हक्क सोडणं. गीतेचा तिसरा अध्याय तर नावानेच कर्मयोग. ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांनी मलायातली डॉक्टरकी सोडून संन्यास घेतला, पण साधू-यात्रेकरूंना औषधपाणी करणं सोडलं नाही. १९३६ साली त्यांनी डिव्हाइन लाइफ सोसायटी काढली, तिच्या ब्रीदात सेवा आधी येते, ध्यान नंतर.

हे सगळं मी वर्गात शिकवत होते. कळलं मात्र पालखीच्या मुक्कामी.

माउलींची पालखी दिवेघाट चढून आमच्या गावी येते, दोन रात्री राहते. वर्गातले आम्ही पंधरा-वीस जण वारकऱ्यांचे पाय कोमट पाण्याने धुतो, तेल लावून चोळतो. पहिल्या वर्षी मी मनात आकडा मोजत होते : एवढे झाले, अजून एवढे. संध्याकाळी एक आजी आल्या. टाचांच्या भेगांत घाटातला चिखल वाळून बसलेला, प्लॅस्टिकच्या चपलेच्या पट्ट्याने अंगठ्याचं कातडं सोललेलं. “पायाला हात नगं लावू बाई, मला पाप लागंल,” म्हणून पाय मागे घेत राहिल्या. कशाबशा तयार झाल्या. भेगेतला चिखल भिजवून काढायलाच बराच वेळ गेला. काम झालं तशा त्या वाकल्या आणि मी सावरायच्या आत माझ्या पायांवर डोकं टेकवून म्हणाल्या, “माउली.” माझा आकडा तिथेच चुकला, परत कधी मोजला नाही.

‘सेवा हे समाजकार्य, योग मनासाठी’ असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. डोळे मिटून बसलं की अहंकार गप्प असतो. दुसऱ्याच्या पायाची घाण हाताला लागली की लगेच बोलायला लागतो. तिथेच त्याला पकडता येतं. म्हणून आमच्याकडे आता काही नेम आहेत. फोटो काढायचा नाही. समोरच्याची जात-गाव विचारायचं नाही. ज्याला ज्या कामाची किळस येते त्याने ते काम आधी घ्यायचं, आणि शेवटी पाच मिनिटं कुणाशी न बोलता बसायचं. शीर्षासनापेक्षा हे पाळणं अवघड जातं, असा माझा तरी अनुभव आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन रात्री करत. त्यांना मी योगीच मानते.

यंदा आमच्या भागातल्या एका मैदानावर योगदिन संपला तेव्हा जागोजागी पाण्याच्या अर्धवट प्यायलेल्या बाटल्या लोळत होत्या. प्रार्थना म्हणून लोक गाड्यांकडे गेले आणि दोन सफाई कामगार बायका वाकून वाकून त्या पोत्यात भरत होत्या. मीही त्या दिवशी घाईने निघाले, याचं वाईट वाटतं.

माझी संयोजकांना विनंती आहे, पुढच्या वर्षी कार्यक्रम एक तासाने वाढवा. आसनं झाली की तेच मैदान, तिथून जवळचं सरकारी रुग्णालय, बसस्थानक, जिथे गरज असेल तिथे जमलेल्या सगळ्यांना तासभर काम द्या. मान्यवरांनाही द्या. आपल्या वृत्तपत्राने हा आग्रह धरला तर तो वरपर्यंत पोहोचेल. आमच्या वर्गातले सगळे खराटे आणि पोती घेऊन येतील, फक्त कुठे यायचं ते आधी कळवावं.

आपली नम्र,
एक योगशिक्षिका, सासवड (जि. पुणे)