फूटपट्टी माझ्या हाती देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडी आभार मानले होते, पण मन भरलं नाही. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

शिवणाच्या मशीनसाठी चेन लावायचा फूट, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, मला हवा होता. दुकानांत जिथे विचारलं तिथे एकच उत्तर मिळालं: "सगळ्या मशीनना चालतो, घेऊन जा." घेतलेला फूट खाली टेकतच नव्हता. कापड सुईबरोबर वर उचललं जायचं, टाके सुटायचे. तक्रार केली तर म्हणाले, "स्क्रू आवळा." पुढे, "मशीनच बदला." मशीनची शँक, म्हणजे फूट जिथे स्क्रूने बसतो ती दांडी, कोणती, हे एकानेही विचारलं नाही. त्या बेपर्वाईचा मला अजून राग येतो.

तुम्ही वाकून पाहिलंत आणि तुम्हाला तिथेच कळलं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. तरी उत्तर सांगितलं नाहीत. खिशातली पोलादी फूटपट्टी काढून माझ्यापुढे धरलीत. "फूट खाली सोडा. सुईखालच्या पत्र्यापासून स्क्रूच्या मध्यापर्यंत तुम्हीच मोजा." पट्टी दोनदा सरकली. तुम्ही हातातून ओढून घेतली नाहीत, घाई केली नाहीत, नुसते उभे राहिलात. माप 1 इंचाच्या जरा वर आलं. "म्हणजे हाय शँक. अर्धा-पाऊण इंच आलं असतं तर लो," एवढंच बोललात. सुई आणि दांडी पुढे तिरकी झुकलेली असेल तर ती स्लँट शँक, हेही जाता जाता सांगितलंत. माझा फूट लो शँकचा निघाला. तो टेकणार कसा!

काका, ते थांबणं माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. ज्याला काम येतं त्याने न येणाऱ्यासमोर धीर धरावा, हा चांगुलपणा मला फार थोड्यांत दिसला आहे. अशी माणसं शिकवतात तेव्हा आपण लहान झालो असं वाटत नाही.

तुम्ही म्हणालात तसा तो फूट टाकला नाही. शेजारच्या ताईंची मशीन मोजली, लो शँक निघाली, त्यांना देऊन टाकला. परवा वॉकिंग फूट घ्यायला गेले, तर पुन्हा तेच, "सगळ्यांना चालतो." मी म्हटलं, "हाय शँकचा असेल तरच द्या." आतून दुसरा डबा आला. फूट पहिल्याच फटक्यात बसला, जाड कापडाचे दोन्ही थर एकसारखे सरकतात.

मनापासून आभार, काका.

तुमची,
एक शिवणारी