आई-वडिलांना दाराबाहेर का बसवता?

संपादक महोदय,

कमी दिवसांचं बाळ वाचल्याची बातमी अधूनमधून छापून येते. तीत बाळाचं वजन असतं, डॉक्टरांचा फोटो असतो, आई शेवटच्या ओळीत आभार मानताना दिसते. नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली, म्हणून त्या आईबद्दल लिहिते आहे.

जगात दहांतलं साधारण एक बाळ ३७ आठवडे भरण्याआधीच जन्मतं. फार लवकर आलेल्यांना श्वासासाठी यंत्र लागतं, फुप्फुसं मिटू नयेत म्हणून सरफॅक्टंट नावाचं औषध लागतं. ते काम आमचं. पण ऊब आणि दूध आईचंच. तरीही कित्येक ठिकाणी ती बाहेर बाकावर बसलेली असते आणि ठरलेल्या वेळी तिला काचेतून बाळ ‘दाखवतात’.

विचारलं की उत्तर एकच, इन्फेक्शन! १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या एका रुग्णालयात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. तीच आजची ‘कांगारू मदर केअर’. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईजवळ दिलं, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्गाचं प्रमाणही कमीच निघालं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी त्याप्रमाणे बदलल्या. मग दारावरची पाटी का बदलत नाही?

आत आलेल्या आईला पहिल्यांदा हात लावायचीसुद्धा भीती वाटते. ती एका बोटाने हळूच कुरवाळते आणि बाळ दचकतं, कारण कातडी फार नाजूक असते. एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने पाय पोटाशी घेऊन हात नुसता स्थिर ठेवायचा, की बाळ शांत होतं. हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात. काही जणींची नजर मॉनिटरवरून हलतच नाही. अशा वेळी मी स्क्रीन सरळ माझ्याकडे वळवून घ्यायची. आकडे मी बघते, तू बाळाकडे बघ.

दुधाचंही तसंच. सिरिंजमध्ये जेमतेम दोन मिली चीक निघाला की आई रडकुंडीला येते आणि बाहेर कुणीतरी ‘हिला दूधच नाही’ असं जाहीर करून मोकळं होतं. इतक्या लहान बाळाचं सुरुवातीचं एक फीड तेवढंच असतं हो! शिवाय आतड्यांना सूज येण्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका आईच्या दुधामुळे कमी होतो. नातेवाइकांनी एवढं तरी तिला सांगावं.

वडिलांना तर आपण सह्या आणि औषधांपुरतेच धरतो. बाळ त्यांच्याही छातीशी उबेला राहतं. आई ऑपरेशननंतर दुसऱ्या मजल्यावर पडून असेल, तेव्हा त्यांना का नाही बोलवत?

मागणी साधी आहे. आई-वडिलांना भेटीच्या वेळेचं बंधन नको, प्रत्येक पेटीजवळ टेकायला एक खुर्ची हवी. आणि घरी सोडताना डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख कागदावर ठळक लिहून ती त्यांच्याकडून वाचून घ्यावी. बाळ गुटगुटीत झालं म्हणून ती तपासणी राहून जाते, आणि उशीर झाला तर गेलेली नजर परत आणता येत नाही.

– एक निवृत्त परिचारिका