ऑस्टिनच्या कॅपिटॉलमध्ये (टेक्सासच्या विधानभवनात) भेटलेल्या काकांना

नमस्कार काका,

तुमचं नाव विचारायच्या आत तुम्ही पार्किंगची वेळ संपत आली म्हणून पळालात, त्यामुळे हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, ऑस्टिनमधलं कुणीतरी वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल या आशेवर. ओळख पटावी म्हणून सांगते, साताऱ्याचे एक म्हातारे गृहस्थ, कानात मशीन, डोक्यावर नातवाची बेसबॉलची टोपी, ते माझे बाबा. गुडघे दुखतात म्हणून बाकावर बसलेली ती आई. आणि दोघांच्या मध्ये पाण्याच्या बाटल्या धरून धावणारी मी.

भाऊ आम्हाला सोडून ऑफिसला गेला होता. तिथे फुकटात गाइडेड टूर असते म्हणून आम्ही त्या घोळक्यात शिरलो, पण त्या घुमटाखाली आवाज इतका घुमतो की बाबांच्या मशीनमध्ये नुसता गलका, त्यात इंग्लिश, त्यात टेक्सासचं इंग्लिश. बाबा पार कोमेजले होते. पीडब्ल्यूडीत आयुष्यभर ओव्हरसियर म्हणून काढलेला माणूस, इमारत समोर आहे आणि कळत काही नाही, यापेक्षा वाईट काय असणार. तेवढ्यात मागून तुमचं ते "साताऱ्याचे का?" आलं आणि त्यानंतर आम्ही टूर सोडूनच दिली.

मला सगळ्यात आवडलं काय, तर तुम्ही उंचीपासून सुरुवात केली नाहीत. वॉशिंग्टनचं कॅपिटॉल 288 फूट आणि हे 302, हे इथला प्रत्येक माणूस पहिल्या मिनिटाला सांगतो म्हणून मी शेवटी सांगतो, असं म्हणालात. सुरुवात केलीत पैशापासून. 1881 ला जुनं कॅपिटॉल जळालं, सरकारकडे रोकड नाही पण जमीन रग्गड, तर ठेकेदाराला तीस लाख एकर जमीन दिली आणि बदल्यात ही इमारत बांधून घेतली. त्या जमिनीवर मग एक्सआयटी नावाचं अवाढव्य गुरांचं रँच झालं. आमच्या अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठी जमीन आहे ती! बाबा लगेच म्हणले, "म्हणजे एफएसआय देऊन रीडेव्हलपमेंट केली की हो!" आणि तुम्ही जे हसलात ना काका, तिथून बाबांची गाडी सुटली ती थांबेचना.

मग दगड. आधी ऑस्टिनजवळचाच चुनखडीचा दगड वापरायचं ठरलं होतं, पण त्यात लोखंडाचा अंश, उघड्यावर राहिला की गंजाचे डाग पडायचे. म्हणून तो आतल्या भिंतींना आणि पायाला वापरला आणि बाहेरून बर्नेट काउंटीतला गुलाबीसर ग्रॅनाइट लावला. खाणीच्या मालकांनी तो फुकट दिला आणि तो आणायला खाणीपर्यंत रेल्वे टाकली. बाबांनी तिथल्या तिथे भिंतीवर हात फिरवून बघितला, गार्डने बघितलं आमच्याकडे, तुम्ही काहीतरी बोललात, तो हसला. (काय बोललात ते विचारायचंच राहिलं.)

आणि मजुरांचं जे सांगितलंत ते तर आम्हाला कुठल्याच माहितीपत्रकात वाचायला मिळालं नसतं. खाणीवर कैद्यांना जुंपलं, म्हणून पाथरवटांच्या युनियनने कामावर बहिष्कार टाकला, मग ठेकेदाराने थेट स्कॉटलंडहून, अ‍ॅबर्डीनहून साठेक पाथरवट आणले, आणि असे कंत्राटावर बाहेरून मजूर आणायला तेव्हा कायद्यानेच बंदी होती म्हणून त्याच्यावर खटला होऊन दंडही झाला. 1888 ला ही इमारत उभी राहिली ती अशी. तुम्ही इतकी वर्षं इथे राहताय, इथलं तुम्हाला कौतुक आहे ते दिसतंच, तरी हे तुम्ही गाळलं नाहीत. बाबा नंतर बराच वेळ गप्प होते. मग म्हणले, बिगारीचं नाव पाटीवर कुठंच नसतं, तिकडं नाही आणि इकडंही नाही.

घुमट मात्र दगडाचा नाही, लोखंड आणि पत्र्याचा आहे, वरून दगडासारखा रंग दिलाय, हे बाबांनी अजूनही पूर्ण मान्य केलेलं नाही हं. आतून वर बघितलं की जो चिमुकला तारा दिसतो तो प्रत्यक्षात आठ फुटांचा आहे हेही नाही. दरवाज्याच्या बिजागऱ्या मात्र एकदम पसंत. पितळेच्या, आठेक पौंड वजनाच्या, आणि प्रत्येकीवर टेक्सास कॅपिटॉल असं कोरलेलं. "चोरून नेली तरी विकता यायची नाही", हा बाबांचा शेरा, खात्याच्या अनुभवातून आलेला.

आईसाठी तुम्ही लिफ्ट शोधून दिलीत, पण खरं तर तुम्ही तिला गव्हर्नरांची चित्रं दाखवलीत तेव्हा ती गुडघे विसरली. नवा गव्हर्नर आला की सगळ्यांची चित्रं एकेक जागा सरकतात, हे तिला फारच भारी वाटलं. त्यात मिरियम फर्ग्युसन बाईंची गोष्ट, नवऱ्याला 1917 मध्ये महाभियोग चालवून गव्हर्नरपदावरून काढलं, तर नंतर या उभ्या राहिल्या आणि 1925 ला टेक्सासच्या पहिल्या बाई गव्हर्नर झाल्या. आई म्हणाली, अगं हे तर आपल्याकडच्या सरपंचबाईंसारखंच की, सही बाईची आणि कारभार मालकांचा. तेव्हापासून ती फोनवर प्रत्येक मावशीला ही गोष्ट सांगतेय, ग्रॅनाइट वगैरे तिला काही आठवत नाही.

जमिनीखालच्या भागात आपण कॉफी प्यायलो तेव्हा तुम्ही म्हणालात की 1983 च्या आगीनंतर सगळ्यांचे डोळे उघडले, जुन्या इमारतीत नुसती गर्दी आणि पार्टिशनं झाली होती, म्हणून 1993 पर्यंत हे चार मजले जमिनीखाली बांधले, वरून जुन्या इमारतीला कुठे झाकायला नको म्हणून. बाबांनी छताच्या काचा बघून पहिला प्रश्न विचारला, पावसाळ्यात गळतं का? तुम्ही जेवढ्या गंभीरपणे विचार करून उत्तर दिलंत त्याबद्दल वेगळे आभार. घरचे सगळे त्यांच्या असल्या प्रश्नांना कंटाळलेत हो, मीसुद्धा.

तुम्हाला वाटलं असेल, गावचे कुणी भेटले, दोन तास गप्पा झाल्या, त्यात काय एवढं. पण अमेरिकेत आल्यापासून बाबा नुसते मागे मागे चालत होते, आम्ही दाखवू ते बघत होते आणि छान छान म्हणत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते पुढे होते आणि आम्ही मागे.

बाबांनी रात्री वहीत त्या इमारतीचा नकाशा काढलाय आणि त्यांचे तीन प्रश्न तुमच्यासाठी लिहून ठेवलेत, त्यातला पहिला अर्थातच घुमटाच्या पत्र्याचा. शिवाय तुम्ही आईला म्हणाला होतात ना की घरच्यासारखं मेतकूट इथे मिळत नाही, तर तिने तिच्या डब्यातलं अर्धं काढून तुमच्यासाठी बांधून ठेवलंय. भाऊ ऑस्टिनजवळच राउंड रॉकला असतो, पुडी त्याच्याकडेच आहे. हे वाचलंत तर लवकर निरोप द्या, तो रोज सकाळी भाताबरोबर खायचं म्हणतोय.

तुमची,
साताऱ्याच्या ओव्हरसियर साहेबांची लेक