तीन रिकाम्या नोव्हेंबरांनंतर: आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आवाज तुटत होता, म्हणून लिहूनच पाठवते. हो, यंदा हरीण मिळालं, मादी. सलग तीन नोव्हेंबर हात हलवत परत यावं लागलं होतं. बाबा, तुम्ही विचारलंत की या वर्षी वेगळं काय केलं. आणि आई, तुझे दोन प्रश्न होते: मादी का मारली, आणि ते मटण खाण्याजोगं असतं का. सगळ्यांची उत्तरं देते.

आधी कायद्याचं, म्हणजे देवराष्ट्र्यात कुणी विचारलं तर सांगता येईल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. धों. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरावर झाडं उभी केली, तेव्हा कुठे सागरेश्वरात चितळ-सांबर नांदायला लागले. एवढ्याशा अभयारण्यात शिकार परवडणारच नाही. इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्याच्या शेतीपट्ट्यात उलटी गत आहे. लांडगे जवळपास नाहीत, मका-सोयाबीन मैलोन् मैल, आणि धडधाकट मादीला बहुधा जुळी होतात. म्हणून सरकारच परवाने देतं. बंदुकीचा मुख्य हंगाम फक्त 9 दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा इथला सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी सुरक्षेचं शिक्षण घ्यावं लागतं. कमरेच्या वरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग भडक केशरी किंवा गुलाबी हवा. हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत नोंद करायची. मांस विकता येत नाही, घरी खायचं नाहीतर वाटायचं.

आई, मादीचं असं आहे. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नुसते नर मारून कळप आटोक्यात येत नाही. बाबांना हे शेळ्यांवरून लगेच पटेल. पाडसं मे-जूनमध्ये होतात. नोव्हेंबरात ती सहा महिन्यांची असतात, दूध कधीच तुटलेलं असतं, आपलं आपण चरतात. तुला वाईट वाटणार हे मला ठाऊक आहे, पण दूधपितं पिल्लू मागे राहिलेलं नाही एवढं नक्की.

आता वारा. तीन वर्षं रिकामी गेली ती नेमामुळे नव्हे, वाऱ्यामुळे. हरणाला माणूस दिसण्याच्या किती तरी आधी त्याचा वास लागतो. वारा तोंडावर असला की झालं, असं वाटतं. पण उतारावरची हवा नुसत्या वाऱ्याचं ऐकत नाही. सकाळी ऊन चढलं की उताराला लागून हवा वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली घळीत उतरते. हरणं दिवसा उताराच्या वरच्या अंगाला, पाठीकडून वारा घेऊन, खाली नजर ठेवून बसतात. सकाळी पायथ्याशी बसलं की नऊ वाजल्यापासून आपला वास थेट त्यांच्या नाकात. जागा चांगली, पाऊलवाट ताजी, लेंड्या ताज्या, आणि तरी काहीच येत नाही, याचं कारण हे.

हवा कुठे जाते हे बघायला टाल्कम पावडर उडवतात, पण ती दोन हातांवर विरते. त्याहून चांगलं साधन तुमच्या बांधावरच आहे. आपल्या रुईच्या कुळातली मिल्कवीड नावाची झाडं इथे सगळीकडे आहेत, त्यांच्या शेंगांतही तशाच हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या म्हाताऱ्या असतात. बोटांत एक धरून सोडायची आणि नजर हटवायची नाही. आधी ती वाऱ्याबरोबर पुढे जाते, वीस-पंचवीस पावलांवर थबकते, आणि मग सावकाश वर चढते किंवा डावीकडच्या घळीत खेचली जाते. आपला वास नेमका तिथेच जातो. दर अर्ध्या तासाला एक सोडायची. ती हरणांच्या बसायच्या जागेकडे निघाली की जागा बदलायची, मग मचाण कितीही चांगलं असो.

यंदाची जागा वाटेच्या समोर नव्हती, एका अंगाला होती, वारा आडवा कापेल अशी. आणि तिथे मक्यातून चालत जायचं नाही, कारण पहाटे हरणं मक्यातच असतात. लांबून ओढ्याकडून वळसा घालायचा. पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण कळप उधळत नाही. शिवाय ओकची फळं भरपूर धरली की हरणं शेतात उतरतच नाहीत, रानातच पोट भरतात. पांढऱ्या ओकची गोडसर फळं आधी संपतात, लाल ओकची तुरट मागे उरतात. म्हणून नोव्हेंबरअखेर लाल ओक शोधायचा आणि त्याच्याखालचा पालापाचोळा उकरलेला आहे का ते बघायचं.

गोळी हरीण आडवं उभं असतानाच. पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे फुप्फुसं आणि काळीज. शिशाची गोळी फुटून बारीक कण मांसात पसरतात, म्हणून तांब्याची वापरायची. गोळी लागली तरी हरीण पळतं. लगेच मागे धावायचं नाही, अर्धा तास थांबायचं. रक्त फेसाळ गुलाबी असलं तर फुप्फुस, शंभरेक मीटरात सापडतं. गर्द तांबडं असलं तर कलेजी. हिरवट आणि वास मारणारं असलं तर कोथळा फुटलाय, मग सहा-आठ तास थांबावंच लागतं. नाहीतर दुखावलेलं जनावर उठून आणखी लांब जातं आणि हाल होऊन मरतं. हा धीर ज्याच्यात नाही त्याने बंदूक हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी मेहनत त्यापुढे, आणि मटण चांगलं की वाईट हे इथेच ठरतं. सुरी चार बोटांच्या पात्याची पुरते, लांब सुरीने आतलं कापलं जातं. रबरी हातमोजे घालायचेच. गुदद्वाराभोवती गोल काप घेऊन ते सुतळीने बांधायचं, म्हणजे लेंड्या आत सांडत नाहीत. मग पोटावर बोटभर चीर. डाव्या हाताची दोन बोटं आत घालून कातडी उचलून धरायची, पात्याची धार वर, आणि बोटांच्या मधून सुरी छातीच्या हाडापर्यंत सरकवायची. धार खाली गेली की कोथळा फाटलाच समजा, आणि त्या पाण्याचा वास धुऊन जात नाही. मूत्राशय चिमटीत दाबून धरूनच सोडवायचं. छाती आणि पोटामधला पडदा कडेने कापायचा, हात वर गळ्यापर्यंत घालून श्वासनलिका कापायची आणि खाली ओढायची. सगळं एका ओढीत बाहेर येतं, थंडीत वाफा निघत असतात. मागच्या पायांच्या आतल्या बाजूला केसांचे काळपट, उग्र वासाचे झुबके असतात. त्यांना हात लागला तर तोच हात मांसाला लावू नये.

मग थंडावा. शरीरातली ऊब लवकर काढायची. बाहेर 10 अंशांच्या वर असेल तर फासळ्यांत बर्फाच्या पिशव्या भरायच्या. 1 ते 4 अंशांत चार-पाच दिवस टांगलं की मांस मऊ पडतं. पण पहिल्या दिवशीच कडक गोठलं तर उलटं होतं: मेल्यावर अंगाला येणारा ताठरपणा उतरायच्या आत गोठलेलं मांस चिवट निघतं. साठ किलोची मादी पोट साफ केल्यावर सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलो भरते, आणि निव्वळ मांस वीस-बावीस.

बाबा, त्या रोगाबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज विस्कॉन्सिनमध्ये 2002 पासून आहे. हरणाच्या मेंदूचा रोग, शिजवून जात नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी रोगी हरीण खाऊ नका असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. म्हणून डोकं तपासणीला दिलं. पाठीचा कणा कापला नाही, मांस हाडांवरून सोडवून घेतलं. निकाल येईपर्यंत एकही तुकडा शिजवला नाही, कलेजीसुद्धा नाही. परवा निकाल आला, निर्दोष आहे.

आई, आता तुझं. उग्र वास मांसाचा नसतो, चरबीचा आणि वरच्या पांढऱ्या झिल्लीचा असतो. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून दोन्ही पार काढून टाकायचं. त्यामुळे मांस अगदी कोरडं असतं, तेल सढळ हाताने घालावं लागतं. मान आणि पायाचं मांस रश्शाला, बकऱ्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. पाठीच्या लांब पट्टीचे दोन बोटं जाड काप तापल्या तव्यावर दोन्ही अंगांनी दोन-तीन मिनिटं, जास्त ठेवले की वातड. खिम्यात किलोला पाव किलो बकऱ्याची चरबी मिसळली आहे, नाहीतर तो भुसा होतो.

हवा काढून बंद केलेल्या पिशव्या फ्रीझरमध्ये वर्षभर टिकतात. मानेचं दोन किलो मांस तुम्ही जूनमध्ये याल तेव्हासाठी वेगळं ठेवलंय, पिशवीवर तारीख आहे. इथल्या मसाल्याला आपली चव नाही. कांदा-लसूण मसाला अर्धा किलो आण, दुकानातून सीलबंद पाकिटातला, आणि त्यावर आणखी दोन पिशव्या बांध. गेल्या खेपेला सगळ्या साड्यांना वास लागला होता. बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या.

तुमची,
मुलगी